राजकन्येची अर्धी शीळ

एका राज्यात, जिथे डोंगर सांगितल्यावाचून हलत नसत आणि पक्षी विचारल्यावाचून बोलत नसत, तिथे इरावती नावाची अकरा वर्षांची राजकन्या होती. तिला पुरी शीळ घालता येत नसे. म्हणाल, त्यात नवल ते काय? नवल हे, की शिकवणारा गुरू अष्टौप्रहर तिच्या उशाशी बसलेला होता. शुभ्रकंठ नावाचा पांढरा काकाकुवा. सात सुरांची शीळ तो अशी घाली, की पहारेकरी भाले टेकवून ऐकत राहत. इरावती त्याच्यामागून सूर लावी, चौथ्या सुरापर्यंत पोचे, आणि तिथे तिचा दम संपे. मग खोकल्याची उबळ येई, डोळ्यांना धारा लागत, छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुर सुरू होई.

याचे मूळ सात वर्षांमागचे. राजा प्रतापधवलाने कालजंघ नावाच्या मांत्रिकाला हरवले आणि त्याचा खजिना लुटून आणला. ढगांच्या कापसाची गादी, घोटा बुडेल असे गालिचे, कधी न आटणारा अत्तराचा रांजण आणि चांदीच्या साखळीतला हा काकाकुवा. लाडकी लेक, तेव्हा सगळे तिच्याच महालात. मांत्रिक नेसत्या वस्त्रानिशी निघाला आणि जाताना एवढेच म्हणाला, "ने, राजा. पण ज्या घरात वस्तू नुसत्या आत येतात, त्या घरातून श्वास बाहेर जातो."

राजाने शापाचा अर्थ लावला तो नेमका उलटा. बाहेर काही गेले की त्यामागून लेकीचा श्वासही जाईल, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने फर्मान काढले, की राजकन्येच्या महालात जे आले ते पुन्हा उंबरा ओलांडणार नाही. केरसुद्धा नाही! अहो, तिन्हीसांजेला केर बाहेर टाकू नये, लक्ष्मी जाते, हे आपणही ऐकलेले आहे. इथे बारा महिने टाकेनात. दासी महाल झाडत, गालिच्याचा कोपरा उचलत आणि केर खाली सारत. राजा बोले, दळ हाले. खोकला वाढला की वैद्य आणखी एक धुपाटणे पेटवत, आणखी अत्तर शिंपडत, फरशी उग्र क्षारपाण्याने धुवायला लावत आणि खिडक्या घट्ट मिटत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे ते सात वर्षे चालले.

सातव्या वर्षी त्या गादीत गाठी झाल्या आणि गोंदाबाई पिंजारणीला बोलावणे गेले. खांद्यावर पिंजण घेऊन ती आली. पिंजण म्हणजे कापूस मोकळा करायचे, ताणलेल्या तातीच्या दोरीचे धनुष्य; त्यावरच तिचे पोट होते. आल्याआल्या तिने पदराखालून फडके काढून नाकातोंडाला बांधले. दासी हसल्या. गोंदाबाईचा नवरा पिंजतापिंजता, तंतू छातीत जाऊनजाऊन, खोकून गेला होता. तेव्हापासून फडक्याशिवाय ती गादीला हात लावत नसे.

तिने गादीवर एक थाप मारली मात्र, आणि करडा लोट उठून छताला टेकला. पलीकडे बसलेली इरावती श्वासासाठी धडपडू लागली, ओठ निळे पडले. गोंदाबाईने तिला उचलून सज्जात नेले. मोकळ्या हवेत पोरीचा जीव हळूहळू खाली बसला. ही घुरघुर गोंदाबाईच्या ओळखीची होती. ती तशीच राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, शाप पोरीच्या छातीत नाही, खोलीत आहे. नाकापेक्षा मोती जड झालेत. मला तीन दिवस द्या आणि फर्मान तेवढे दिवस बाजूला ठेवा."

"आणि गुण आला नाही तर?"

"तर माझी पिंजण मोडा आणि मला राज्याच्या सीमेबाहेर घाला."

राजाने सज्जाकडे पाहिले. सात वर्षांत लेक इतकी स्वस्थ बसलेली त्याने पाहिली नव्हती. त्याने मान हलवली.

पहिल्या दिवशी राजकन्येला सज्जातच ठेवून गोंदाबाईने गालिचे उचलले. त्यांच्याखालची सात वर्षांची धूळ उठून पुरुषभर उंच उभी राहिली. तिच्या अंगात सुईच्या टोकावर शंभर मावतील असे जीव वळवळत होते. ती म्हणाली, "मी या घरची लक्ष्मी. मला झाडाल तर दुप्पट होईन." दासींनी झाडू उगारले आणि ती खरेच दुप्पट झाली. गोंदाबाईने झाडू खाली ठेवायला लावले आणि फडकी भिजवली. कोरड्या झाडूने धूळ उडते, ओल्या फडक्याला ती चिकटते, हे पिंजारणीला कुणी शिकवावे लागत नाही. दुपारपर्यंत त्या लक्ष्मीचा चिखल झाला आणि बादल्या भरभरून बाहेर गेला. गालिचे गेले, ढगांची गादी गेली. चादरी नि अभ्रे उकळत्या पाण्यातून निघाले, नवी गादी घट्ट विणीच्या खोळीत शिवली गेली. त्या दिवशी इरावतीने पाचवा सूर गाठला.

दुसऱ्या दिवशी धुपाटणी विझली. अत्तराचा रांजण ओतावा तितका भरे, म्हणून तो रिकामा करण्याच्या भानगडीत गोंदाबाई पडलीच नाही. तिने त्याचे तोंड चिखलाने लिंपायला घेतले. आतून रांजण म्हणाला, "मी गेलो तर लोक या महालाला अस्वच्छ म्हणतील."

"स्वच्छ घराला कसलाच वास नसतो, बाबा," ती म्हणाली आणि उरलेले भोक बुजवले.

क्षारपाणी बंद झाले, फरशी साध्या कोमट पाण्याने पुसली गेली, सात वर्षांनी खिडक्या उघडल्या. त्या दिवशी सहावा सूर लागला. राजाने साखर वाटली.

रात्री राजकन्या सज्जातून आपल्या महालात निजायला आली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खोकू लागली.

राजाचा चेहरा काळवंडला. सेवकाने पिंजण अंगणात आणून ठेवली, शेजारी कुऱ्हाड ठेवली. गोंदाबाईने भिंती चाचपल्या, पलंगाखाली वाकून पाहिले, पडदे हुंगले. काही उरले नव्हते. मग तिचा हात काकाकुव्याच्या दांडीखालच्या काळ्या चौरंगावरून फिरला आणि बोट पिठासारख्या भुकटीने पांढरे झाले. कालच तर तिने तो स्वतः पुसला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा!

शुभ्रकंठ दोन दिवस मान खाली घालून बसला होता. गोंदाबाईला त्या पोरीकडे बघवेना. क्षणभर वाटले, मोडू दे पिंजण, जाऊ सीमेबाहेर, पण हिचा सखा हिच्यापासून तोडायला नको. मग तिला नवऱ्याची शेवटची घुरघुर आठवली आणि तिने विचारले.

"शुभ्रकंठा, हे पीठ कुणाचे?"

"माझे. पंख झटकले की उडते. शापाची शेवटची गाठ मीच आहे."

"मग सात वर्षे बोलला का नाहीस?"

"कुणी विचारले नाही," पक्षी म्हणाला. मग त्याने पुढचेही सांगितले. "आणि कुणी विचारू नये, असेही वाटे. बाहेर गेलो की ती मला विसरेल, याचे भय होते."

इरावती ऐकत होती. ती रडली, तिने दांडी धरून ठेवली, मला दम नको पण हा हवा, असे खोकतखोकतच म्हणाली. राजा लेकीसमोर हतबल उभा होता. गोंदाबाई तिच्याजवळ बसली.

"पोरी, मायेचे माणूस उशाशीच असावे लागते असे नाही. हाकेच्या अंतरावर असले तरी पुरते."

इरावतीने डोळे पुसले. मग राजकन्येने स्वतःच्या हातांनी चांदीची साखळी सोडली. शुभ्रकंठ खिडकीतून उडाला आणि अंगणापलीकडच्या कडुनिंबावर जाऊन बसला. दांडी बाहेर गेली. ओले फडके महालभर पुन्हा एकदा फिरले.

उन्हे कलल्यावर निंबावरून सात सुरांची शीळ आली. इरावती खिडकीत उभी राहिली. चौथा सूर गेला, पाचवा गेला, सहावा गेला. राजाने स्वतःचाच श्वास रोखून धरला. आणि सातवा सूर अंगण ओलांडून निंबापर्यंत पोचला. त्याच क्षणी तिच्या हातातल्या साखळीची राख झाली आणि पहारेकऱ्यांनी भाले टेकवले.

राजाने पिंजण स्वतः उचलून गोंदाबाईच्या खांद्यावर ठेवली आणि नवे फर्मान काढले, की या राज्यात केर दाराबाहेरच जाईल. खजिना बैलगाड्यांत घालून मांत्रिकाकडे परत गेला. गादी उतरवून घेताना त्याला इतक्या शिंका आल्या, की मंत्र विसरला, असे गाडीवान सांगत. इरावती रोज निंबाखाली जाई, आणि परतताना हातपाय धुऊन, वस्त्रे बदलून मगच महालात शिरे.

तिची शीळ पुरी झाली, तशी ही गोष्टही पुरी झाली. ऐकणाऱ्यांनी आता उठावे आणि आपल्या गालिच्याचा कोपरा उचलून पाहावा.