शेवाळाआडचा कोपरा

त्या किनाऱ्यावर ज्याला जो शंख मिळाला, त्यातच त्याने जन्म काढावा असा रिवाज होता. शंखात राहणारे खेकडे तो निमूटपणे पाळत. अंग वाढून शंख काचू लागला, तरी चारचौघांत हसत राहत. शंख बदलणारा घरबुडवा, हे त्यांना लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेले असे.

तरीही काहीजण शंख बदलत. दर पंधरवड्याला मोठ्या ओहोटीच्या वेळी, भर दुपारी, ते खडकातल्या डोहाशी जमत आणि शेवाळाच्या पडद्याआड तासभर एकमेकांच्या शंखांत बसत. डोह सगळ्यांचा होता. पलीकडे लेकुरवाळी कुटुंबे ऊन खात असत. डोहाची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या कालवाने दोनच अटी घातल्या होत्या : पडद्याबाहेर शंख उतरवायचा नाही, आणि इथे दिसलेल्याची ओळख बाहेर आपण होऊन दाखवायची नाही. एवढे पाळले की कुणाचीच कुणाला अडचण होत नसे.

करड्या मास्तर तिथे येई. पिल्लांना तिरपे चालायला शिकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पोवळीच्या गुलाबी शंखात बसला की त्याच्या अंगातला सगळा आखडलेपणा जाई. "या एका तासावर मी चौदा दिवस काढतो," असे तो तिला म्हणाला होता. पोवळीला त्याचा फार अभिमान वाटे. ती मनाची उमदी होती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

एका ओहोटीला पलीकडे बारसे होते आणि अर्धा किनारा लोटला होता. "आपण काय चोरी केलीय?" पोवळी कुरकुरली. "किती दिवस असं शेवाळ चावत बसायचं?"

"तुझं खरं आहे गं," मास्तर म्हणाला. "पण आज नको."

पोवळीने ऐकले. मग बारशाची गाणी सुरू झाली, तिला भरून आले, आणि तिने पडदा सारून हाक मारली, "अहो, इकडं बघा तरी! आमच्या मास्तरांना माझा शंख कसा खुलून दिसतो!"

तिने हे कौतुकानेच म्हटले होते. वाईट वाटते ते याचेच.

कुणी ओरडले नाही, कुणी खडा मारला नाही. सगळ्यांनी अतिशय सभ्यपणे डोळे वळवले. बाळाच्या आईने तेवढे बाळाला पोटाशी घेतले. दुसऱ्या दिवशी तिने आपले थोरले पिल्लू शाळेतून काढले, आणि तिच्यामागून एकेका पिल्लाचे पोट दुखू लागले. आठवड्याभरात शाळा ओस पडली. मास्तर आपला करडा शंख ओढत खडकांपलीकडे निघाला, तेव्हा पोवळी त्याच्यामागे धावली.

"मास्तर, मी चांगल्या मनानं बोलले हो."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर तुझ्यावर रागावताही येत नाही."

पोवळीने आपला गुलाबी शंख शेवाळाआड ठेवून दिला. मास्तर कधीतरी येईल, त्याला तो लागेल, या आशेने ती स्वतः एका फुटक्या शिंपल्याखाली राहू लागली. बाकीचे यायचे थांबले होते. ती मात्र प्रत्येक ओहोटीला जाऊन बघे.

बऱ्याच ओहोट्यांनंतर एकदा पडदा हलताना दिसला. मास्तर आला! पोवळी हर्षाने पुढे झाली आणि फटीला तिने डोळा लावला.

गुलाबी शंखात बाळाची आई बसली होती. तिचा रोजचा शंख शेजारी पडला होता. डोळे मिटून ती हळूहळू डोलत होती.

पोवळीच्या ओठांवर शब्द आले होते. ते तिने गिळले. नांगीने शेवाळाची फट नीट मिटवली आणि पडद्याकडे पाठ करून ती बाहेर बसली. ऊन खायला आलेले एक कुटुंब त्या बाजूला वळू लागले.

"पुढं जा," पोवळी म्हणाली, "इकडं कुणी नाही."