धाकलू ढेब्यांचा एकच प्रश्न

धरणाच्या भिंतीवर अजून शेवाळही धरलं नव्हतं, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पाणी चढलं, खालच्या अंगाची घरं बुडाली आणि उरलेली आमची सावरखिंड तीन अंगांनी पाण्यात अडकली. चौथ्या अंगाला उभा कडा. दवाखाना पलीकडच्या काठावर. सरकार म्हणालं, लाँच देतो. देतो म्हणणाऱ्याचं काय जातं! धाकलू ढेबे म्हशी राखायचा. त्याची बहीण बाळंतपणात अडली, तिला बांबूच्या तराफ्यावर घातली, आणि बिचारी मधल्या पाण्यातच गेली. धाकलूनं काठावर उभं राहून एवढंच विचारलं, "लाँच कधी येणार?" असं म्हणतात, तो आवाज पाण्यावरून साऱ्या खोऱ्याला ऐकू गेला. त्याच खोऱ्यानं पुढं त्याला आमदार केलं.

विधानसभेत प्रश्न विचारायची एक रीत असते. ती धाकलूनं शिकून घेतली आणि दर अधिवेशनाला उभा राहू लागला. "हे खरे आहे काय, की सावरखिंडीला लाँच नाही?" मंत्री म्हणायचे, "कार्यवाही चालू आहे." बाकीचे हसायचे. हा बाबा काही हटला नाही. असं म्हणतात, तो उभा राहिला की छताचे पंखे आपोआप थांबायचे. का, ते देवालाच ठाऊक.

शेवटी सरकारनं युक्ती केली. त्याला उपमंत्री केलं, आणि तेही लाँचच्याच खात्याचा! गावात ढोल वाजले, पेढे वाटले. त्याची म्हातारी आई तेवढी म्हणाली, "अरं लेकरा, आता तू इचारणार कुणाला?"

खरंच की! मंत्र्यानं उत्तरं द्यायची असतात, प्रश्न विचारता येत नाही. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"इचारायचं कशाला, आये? आता मीच आणतो लाँच," धाकलू हसून म्हणाला. पण सही लागायची वरच्या मंत्र्याची, आणि ती काही केल्या होईना.

मग दुसऱ्याच एका आमदारानं तोच प्रश्न लावला. खात्यानं धाकलूच्या हातात उत्तर लिहून दिलं, कार्यवाही चालू आहे. तो वाचायला उभा राहिला. डोळ्यांपुढं तराफा आला. हे वाचलं तर बहीण पुन्हा एकदा मरेल, असं त्याला वाटलं. असं म्हणतात, तेवढ्यात सभागृहाच्या फरशीवर घोट्याएवढं पाणी चढलं, आमच्या धरणाच्या पाण्याइतकंच गार. कुठून आलं? सांगणारे सांगतात, आपण ऐकायचं.

"अध्यक्ष महाराज," धाकलू म्हणाला, "लाँच कधी येणार, मला ठाऊक नाही. माझ्या वरच्या साहेबांनाही ठाऊक नाही."

आणि तो मंत्रिपद सोडून सरळ गावाकडं निघाला.

मंत्र्याच्या तोंडून 'ठाऊक नाही' त्या छपराखाली कुणी कधी ऐकलं नव्हतं. जो तो त्याबद्दलच बोलू लागला. सरकारला तोंड दाखवायला जागा उरेना, आणि पावसाळ्याआधी लाँच आली. सारं गाव तिच्यात चढलं, धाकलू तेवढा काठावर बसून राहिला. "आत्ता आलीस होय गं?" म्हणाला आणि ढसाढसा रडला.

आजही सावरखिंडीत सरपंच निवडून आला की त्याला लगेच हार घालत नाहीत. धाकलूबाबाचं नाव घेऊन गाव काठावर जमतं आणि बाया नव्या सरपंचाला विचारतात, पाण्याखालच्या आपल्या जुन्या घरांत आता कोण राहतं? त्यानं म्हणायचं, "ठाऊक नाही." मगच हार.

मागच्या खेपेचा सरपंच भलताच हुशार निघाला. म्हणाला, "माहिती घेऊन कळवतो." बायांनी तो हार उचलला आणि पाण्यावर आलेल्या म्हशीच्या गळ्यात घातला. ती निदान गप्प तरी उभी होती.