पुलाखालची टपरी

सोनवळ नगरपरिषदेनं ओढ्यावर पूल बांधला होता. कागदोपत्री तो पूर्ण झाला होता, बांधकाम सभापती अच्युतराव खानविलकरांनी मंडपात उभं राहून फीत कापली होती आणि ओढ्याकाठी संगमरवरी कोनशिलाही बसवली होती. नव्हता तो फक्त पूल.

कोनशिलेशेजारी द्वारकाबाईंची चहाची टपरी होती, वीस वर्षांपासूनची. ती जागा सभापतींच्या मेहुण्याला दुकानांचे गाळे काढायला हवी होती, म्हणून बाईंना नोटीस आली, की पुलाखालचं अतिक्रमण आठ दिवसांत हटवा.

द्वारकाबाईंनी मान वर करून पाहिलं. वर आभाळ होतं. नोटीस कमरेला खोचून त्या थेट नगरपरिषदेच्या सभेत जाऊन उभ्या राहिल्या.

"पुलाखाली टपरी चालत नाही," सभापती म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

"बरोबर आहे साहेब. उद्या सकाळीच काढते," बाई म्हणाल्या. "फक्त पंचनामा रीतसर व्हावा. तुम्ही पुलावर उभं राहायचं, कठड्यावरून खाली वाकायचं आणि टपरी दिसली की सही करायची."

पूलच नाही म्हणावं, तर फीत कशाची कापली? सभापतींनी अभियंत्याकडे पाहिलं. तो घाम पुसत उठला.

"साहेब, पुलावर चढायच्या पायऱ्या अजून व्हायच्यात."

"होऊ द्या की सावकाश," द्वारकाबाई दाराकडे वळत म्हणाल्या. "साहेब वर पोचले की हाक मारा. ते खाली वाकेपर्यंत मी आवरते."