बावीस बिरुदं आणि मूठभर फुटाणे

करंजगडच्या भर बाजारात रणधीर महाराजांच्या खोगिराचा पट्टा तुटला आणि महाराजांना जीनगराचं दुकान काही केल्या सापडेना! दुकानं होती, दुकानांवर पाट्याही होत्या. पण प्रत्येक पाटीवर आपली बावीसच्या बावीस बिरुदं हवीत, असा महाराजांचाच हुकूम होता. शत्रुमर्दन, गजगर्वहारी, विद्याविलासी, दानसागर... बिरुदं संपेपर्यंत पाटीच संपे. दुकान कशाचं ते तळाशी, तिळाएवढ्या अक्षरांत. महाराजांनी गल्लीभर स्वतःचीच स्तुती वाचली आणि शेवटी शिरले ते अत्तरवाल्याकडे. त्याने घाबरून तुटक्या पट्ट्याला गुलाबाचं अत्तर लावून दिलं. महाराज पायी परतले. वास छान येत होता.

"उद्या आम्ही घोडा दौडवत बाजारातून जाणार!" महाराज दरबारात कडाडले. "दुकान कशाचं ते दौडता दौडता वाचता आलं पाहिजे. ज्याची पाटी वाचता येणार नाही, त्याचं दुकान बंद!"

"मग बिरुदं थोडी कमी..." दिवाण चाचरले.

"एकही नाही!"

"अक्षरं बारीक..."

"आम्ही बारीक आहोत का?"

महाराज बारीक नव्हतेच. दिवाणांनी विषय बदलला. "पाटी मोठी केली तर?"

"आमच्या हत्तीचं डोकं आपटतं!"

त्या दिवशी बाजारात कुणी काही विकलं नाही. जो तो शिडीवर. कुणी लाल पाटीवर हिरवी अक्षरं काढली, कुणी अक्षराअक्षराला वेलबुट्टी लावली. कासाराने तर पाटीला झालर लावली. त्यामुळे आधी जे थोडंफार दिसत होतं, तेही दिसेनासं झालं.

गल्लीच्या टोकाला येसू भडभुंजीण चणे भाजायची. नवरा गेल्यापासून दोन पोरी तिने त्या भट्टीवरच वाढवल्या होत्या. दुकान बंद म्हणजे घरची चूल बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ती शिडीवर बसून राहिली नाही. तिने पाटी उतरवली, वाटीभर चुना कालवला, भट्टीतली काजळी तेलात खलली आणि थोड्या वेळाने पाटी पुन्हा टांगली.

"एवढ्यात झालं?" कासाराने विचारलं.

"झालं की!" येसू म्हणाली आणि चणे भाजायला बसली.

दुसऱ्या दिवशी महाराज दौडत आले. झालर दिसली, वेलबुट्टी दिसली, दुकान काही दिसेना. दिवाण मागून एकेकाचं नाव टिपत होते. इतक्यात महाराजांनी लगाम खेचला.

"फुटाणे!" महाराज ओरडले.

पांढऱ्याशुभ्र पाटीवर काळाभोर एकच शब्द, भोवती मोकळी जागा. महाराज खूश झाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते खूश राहिले नाहीत.

"आमची बिरुदं कुठं आहेत?"

"हायती की महाराज, बावीसच्या बावीस! मागच्या अंगाला."

"मागं?" दिवाण किंचाळले. "शिपाई, धरा हिला!"

येसूने हातातला झारा खाली ठेवला. "धरा, पन आधी येक सांगा. दरबारात महाराजांची बिरुदं कुनी घोड्यावर बसून, जोडे घालून वाचतं का?"

"हिंमत आहे कुणाची!" महाराज म्हणाले.

"मग बाजारात का वाचू देता? हितं जो तो दौडत येतो, निम्मी बिरुदं वाचतो आन् निघून जातो!"

महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाणांनी घोड्याकडे पाहिलं.

"तुमीच आत येऊन बघा," येसू म्हणाली.

महाराज उतरले. दाराशी चपलांची रांग पाहून त्यांनीही जोडे काढले. पाटीखालून जाताना वाकले, आत घोंगडीवर दाराकडे तोंड करून बसले आणि मान वर केली. समोरच जुनी पाटी! बिरुदं होती तशीच, तेवढीच. येसूने फक्त पाटी फिरवून कोऱ्या पाठीवर चुना लावला होता.

"भट्टीतून चणं निघंस्तवर गिऱ्हाईक हितंच बसतं," येसू म्हणाली. "दुसरं काय काम नसतं. समदी वाचतंय."

महाराजांनी शत्रुमर्दनपासून सुरुवात केली. बाविसावं बिरुद आलं तेव्हा गरम फुटाणे हातात होते. ते खाता खाता महाराज असे हसले, की फुटाणा नाकात गेला!

"दिवाण, गावातल्या सगळ्या पाट्या फिरवा! आणि येसू, ही जागा तुझी, तुझ्या पोरींची. शिवाय तुलाही एक बिरुद देतो. चातुर्यचंद्रिका!"

"जागा घेते महाराज, बिरुद नगं!"

"का?"

"म्होरं लिवलं तर फुटाणे दिसायचं न्हाईत," येसू म्हणाली, "आन् मागं तुमी जागाच ठिवली न्हाई!"