अर्धा खोपा

झाडांवरही पंचायती भरायच्या, त्या काळातली ही गोष्ट. एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची मोठी वस्ती होती आणि पिवळोबा तिचा मुखिया होता. एकदा विहिरीवर झुकलेल्या फांदीचे पक्षी त्याच्याकडे आले. म्हणाले, “मुखिया, आमच्या फांदीने वेगळं व्हायचं की नाही, यावर आम्हाला मत घेऊ द्या.”

पिवळोबाची पिसं ताठ झाली. “वेगळं व्हायचं नाही आणि विचारायचंही नाही! झाड एक, मुखिया एक!”

शेजारी बसलेली त्याची बायको गवराबाई खुदकन हसली. “अहो, आपलं लग्न कसं जमलं ते विसरलात? आपल्यात नर अर्धाच खोपा विणतो आणि मादीच्या होकाराची वाट बघत लटकतो. तुमचा पहिला खोपा मी ओढून पाहिला आणि सरळ उडून गेले. तेव्हा मला त्यातच कोंडून ठेवलं असतंत, तर तुम्ही मग विणलेल्या दुसऱ्या खोप्यात मी अशी सुखाने नांदले असते का?”

पिवळोबा ओशाळला, मग स्वतःच हसत सुटला. “घ्या मत,” तो म्हणाला. “येत्या पौर्णिमेला.”

विहिरीकडच्या फांदीवर एकच किलबिलाट झाला. दुसऱ्या दिवशी उजाडताच पिवळोबा चोचीत हिरवं पातं घेऊन तिथे हजर! कुणाचा खोपा वाऱ्याने सैल झालाय, कुणाच्या पिल्लांना दाणा पुरत नाही, हे तो दारोदार विचारत होता. मधूनच पंख फडफडवून गातही होता.

गवराबाई ऐकत राहिली. असा सूर त्याने तो दुसरा खोपा विणताना लावला होता, आणि त्यानंतर थेट आज.