जानुसुख तेलाच्या मंजुरीबाबत

विषय : डॉ. विश्राम हळबे यांचे ‘जानुसुख’ हे गुडघेदुखीवरील तेल वाघोशी मठाच्या वृद्धाश्रमात सर्वांना लावण्यास मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने समक्ष दिलेला अर्ज. सोबत अभ्यासाचा अहवाल, पृष्ठे नऊ. पैकी दोन अर्जदाराच्या छायाचित्रांची.

उपरोक्त विषयी घडले ते असे.

“म्हणजे सही करणार नाही म्हणता?” डॉ. हळब्यांनी विचारले.

मठाचे प्रमुख महाराज अहवाल वाचत होते. पूर्वाश्रमी ते वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत आणि हळबे त्यांचे विद्यार्थी. संन्यास घेताना घरदार सुटले. दुसऱ्याच्या कागदावर समासात प्रश्नचिन्ह काढण्याची खोड तेवढी सुटली नाही.

हळब्यांचा जीव टांगणीला लागला होता. आश्रमात एकशे चाळीस म्हातारीकोतारी माणसे, म्हणजे दोनशे ऐंशी गुडघे. शिवाय ‘वृद्धाश्रमात मान्यताप्राप्त’ अशी चिठ्ठी बाटल्यांवर आधीच चिकटवून झाली होती. सही मिळाली नाही तर ती नखाने खरवडत बसावे लागणार होते.

“साठ जणांना तेल दिलंस,” महाराज म्हणाले.

“हो सर. म्हणजे... महाराज.”

“महिन्याने तपासणीला अडतीस आले. त्यांतले छत्तीस बरे.”

“शेकडा पंच्याण्णव!”

“बावीस कुठे गेले?”

“बरे झाले असतील. बरा झालेला माणूस डॉक्टरकडे कशाला फिरकेल?”

“आणि आले ते?”

“तेही बरे झाले.”

“आला तर बरा, नाही आला तर बरा...” महाराजांनी चष्मा काढला. “विश्राम, तुझ्याकडे कुणाला आजारी राहायचं असेल तर त्याने काय करायचं?”

हळबे हसले. महाराज हसले नाहीत. तेव्हा हळब्यांनीही हसू आवरते घेतले.

“दवाखाना कुठे आहे तुझा?”

“बाजारपेठेत. तिसऱ्या मजल्यावर. एकदम हवेशीर.”

“लिफ्ट?”

“बसवतायत... चार वर्षं झाली.”

महाराज उठले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. हळबे अहवाल सावरत मागोमाग गेले.

आत मठात स्वयंपाकाला येणाऱ्या ठकूबाई गवार मोडत बसल्या होत्या. त्यांचे नाव अहवालातल्या साठ जणांच्या यादीत सतराव्या क्रमांकावर होते. पुढे हळब्यांच्या सुरेख अक्षरात शेरा : ‘गैरहजर. बहुधा समाधानी.’

“ठकूबाई,” महाराज म्हणाले, “डॉक्टर विचारतायत, तपासणीला का आला नाहीत?”

“अगं बया! आलते की! तासभर खालच्या पायरीवर बसले. वरनं ह्यांचा कंपौंडर वराडतोय, ‘आजी, वर या आन् बरं वाटतंय का सांगा.’ म्या म्हटलं, मुडद्या, वर आले आसते तर सांगायचं काय ऱ्हायलं आसतं?”

हळब्यांनी अहवालाकडे पाहिले. त्यांना ते अडतीस जण दिसले. सगळेच्या सगळे जिन्याच्या वरच्या टोकाला उभे...

पण हळबे हार खाणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी खिशातून पेन काढले.

“चूक कबूल, महाराज. बावीसही जणांच्या घरी स्वतः जातो. सुरुवात इथूनच. ठकूबाई, आता कसा आहे गुडघा?”

“आता झ्याक! थंडी गेली तवापास्नं मांडी घालून बसतिया. बगा की.”

ठकूबाई खरोखरच मांडी घालून बसल्या होत्या. हळब्यांचा चेहरा फुलला.

“पाहिलंत, महाराज? उशिरा का होईना, गुण आलाच! बाई, तेल किती दिवस चोळलंत?”

“चोळलं कुटं? वास हाय का काय त्यो! गोठ्यातली म्हस उधळली आसती. सुनंनं दाराच्या बिजागरीला घातलं. करकर एकदम बंद झाली बगा. गुणाचं हाय तुमचं त्याल.”

हळब्यांचे पेन कागदावर टेकले ते तिथेच राहिले. ‘तेलाने गुण आला’ इथे लिहावे, तर तेल बिजागरीला. ‘गुण आला नाही’ इथे लिहावे, तर बाई समोर मांडी ठोकून. अहवालात तिसरा रकानाच नव्हता.

“महाराज... ह्यांना कुठे लिहू?”

महाराज ठकूबाईंसमोर बसले, गवारीची एक शेंग उचलून मोडली, आणि म्हणाले,

“आधी रकाना आख.”

अर्ज प्रलंबित आहे.