अकराव्या छाप्यातला कावळा

‘…तर मग याच छाप्यातला कावळा कुठं गेला, उस्ताद?’

हे विचारणारे राजाध्यक्षसाहेब, मुंबईचे. रस्त्यावरच्या भिंती रंगवणाऱ्यांचे छापे गोळा करायचे, आणि गोळा केलेत हे चारचौघांत सांगायचं, असे त्यांना दोन छंद. दुसरा जरा जास्त.

ज्यांना विचारलं ते बाबालाल उस्ताद. मिरजेत चाळीस वर्षं त्यांनी भिंती रंगवल्या. आधी दंतमंजनाच्या जाहिराती, मग मनात येईल ते.

आणि मी गुंड्या, उस्तादांचा चेला. शाळा चौथीपर्यंत. त्यापुढं रंग ढवळायला आणि आल्यागेल्याची टोपी उडवायला शिकलो.

उस्तादांनी जन्मात एकदाच कागदावर छापे काढले. चित्र एकच, आमच्या शेडसमोरची लाकडाच्या वखारीची भिंत आणि तिच्यावर बसलेला कावळा. एकवीस कागद झाले, तसं छपाईच्या स्क्रीनचं कापड टराटरा फाडलं, बाविसावा निघू नये म्हणून. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं नंबर. भिंतीवरचा कावळा तेवढा छापलेला नव्हता. तो एकेका कागदावर हातानं काढायचा. साहेबांसारखी माणसं येडी झाली ती त्या कावळ्यापायी.

साहेबांनी तीन वर्षांत वीस मिळवले. राहिलेला, अकरा नंबरचा, परवा सांगलीत एका पंक्चरवाल्याकडं टायरांच्या मागं सापडला. रविवारी मुंबईत प्रदर्शन होतं. एकवीसच्या एकवीस एका ओळीत, आणि असा संच असलेला माणूस दुनियेत एकच.

नळकांड्यातून अकरावा बाहेर काढला, तर भिंत आहे, कावळा नाही.

उस्तादांनी कागद उघड्या हातानं उचलला. पांढरे हातमोजे घातलेले साहेब दचकले.

‘यातला कावळा माझ्या वाट्याला होता,’ उस्ताद म्हणाले. ‘दिवसभर भिंतीसमोर बसलो. कावळा आला नाही.’

‘आला नाही म्हणजे? बाकी विसांत आलाय की.’

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मी रंगाच्या डब्याकडं बघितलं.

‘दोन मिनिटांचं काम आहे, उस्ताद. रविवारी लोकांना काय रिकामी भिंत दाखवू?’

‘बसा. आला की काढू.’

‘मी काय कुणाच्या दहाव्याला आलोय, कावळ्याची वाट बघायला?’

‘तिथं निदान भात तरी मांडलेला असतो, साहेब,’ मी म्हणालो. ‘इथं नुसता चहा.’

उस्तादांनी कागद फळीवर ठेवला, चार चिमटे लावले, शेजारी ब्रश ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

साहेबही बसले. बुटासकट.

तो गुरुवार. साहेब दिवसभर मला फोनमधले आपले वीस कावळे दाखवत होते.

‘हा सातवा बघ. शेपटीचा फटकारा बघ. असा हात अख्ख्या देशात दुसरा नाही.’

‘खरंय, साहेब,’ मी म्हणालो. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटतंय का काय.

‘आणि काळा कसा? कोळसा.’

‘कोळसाच, साहेब.’

उस्ताद चहा पीत होते. त्यांना ठसका लागला.

शुक्रवारी एक साळुंकी आली. साहेब अर्धे उठले.

‘उस्ताद, साळुंकी चालेल?’

‘तुम्हाला चालेल?’

साहेबांनी विचार केला… परत बसले. त्या दिवशी बूट काढले.

शनिवारी दुपारी त्यांचा फोन बंद पडला. उस्ताद खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. साहेब नुसते भिंतीकडं बघत होते.

आणि कावळा आला.

वरच्या फुटक्या विटेवर बसला. चोच एकदा या अंगानं घासली, एकदा त्या अंगानं. मी साहेबांना खुणावलं, उठवा, उस्तादांना उठवा. साहेब हलले नाहीत. हातमोजे मांडीवर तसेच पडलेले. कावळ्यानं पंख झाडले, थोडं इकडं तिकडं बघितलं… आणि गेला.

उस्तादांनी डोळे उघडले.

‘आला होता?’

‘आला होता.’

‘हाक नाही मारलीस.’

तीन दिवसांत पहिल्यांदा उस्ताद त्यांना अरेतुरे करत होते. साहेबांच्या ध्यानातही आलं नाही.

‘बघत राहिलो…’ साहेब म्हणाले. मग एकदम म्हणाले, ‘उस्ताद, तो गळ्यापाशी राखाडी असतो. पार छातीपर्यंत. माझे वीसच्या वीस काळेकुट्ट आहेत.’

मी हळूच उठलो. उस्तादांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

‘ते वीस कुणी काढले?’ साहेबांनी विचारलं.

‘यानं. एका बैठकीत, जेवणाआधी.’

‘हातानं पुरे केलेले, असं लिहून विकलेत तुम्ही ते.’

‘पायानं नाही काढले, साहेब,’ मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. इतकी वर्षं त्या भिंतीसमोर बसतोय, आणि राखाडी मलाही कधी दिसलं नव्हतं.

साहेबांनी मांडीवरचे हातमोजे खिशात घातले.

‘उद्या लोक विचारतील, यात उस्तादांचा हात कुठला. काय दाखवू?’

उस्तादांनी पांढऱ्यात थोडा काळा कालवला. फळी उचलून साहेबांच्या मांडीवर ठेवली आणि ब्रश त्यांच्या हातात दिला. हातमोजे नसलेल्या.

साहेबांनी ब्रश परत पुढं केला.

‘मला काढता येत नाही, उस्ताद.’

उस्तादांनी बोटानं मला दाखवलं.

‘यालाही येत नाही. तरी वीस काढले… तू एकच काढ.’